‘एक झाकण’ म्हणजे किती? सर्दी-तापाचं पातळ औषध देताना

डिसेंबरात परभणीचा पारा दहाच्या खाली उतरला की मेडिकलच्या काउंटरवर दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं, “दादा, लेकराला सर्दी झाली, एखादी बाटली द्या.” बाटली मिळते. सोबत सूचनाही मिळते, “एक झाकण सकाळी, एक झाकण रात्री.” लेकराचं वजन कुणी विचारत नाही. बाटलीत काय आहे आणि दर पाच मिलीत ते किती आहे, हेही कुणी सांगत नाही. हे कळल्याशिवाय झाकणाला काही अर्थ नाही. एकाच आकाराच्या दोन बाटल्यांत औषधाचं प्रमाण दुप्पट-निमपट असू शकतं.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. पडसं विषाणूमुळं होतं आणि सात ते दहा दिवसांत आपसूक जातं. खोकला मात्र एकूण दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. बाजारातलं कुठलंही पातळ औषध हे दिवस कमी करत नाही. ताप उतरावा, अंग ठणकायचं थांबावं, रात्रीची झोप लागावी, एवढ्यासाठीच ते असतं. म्हणून “अजून बरं वाटेना” म्हणून मात्रा वाढवली तर दुखणं लवकर जात नाही, फक्त औषधाचा त्रास वाढतो.

बाटली उलटी करून काय वाचायचं

पुढच्या बाजूचं मोठ्या अक्षरातलं नाव विसरा. मागच्या लेबलवर बारीक अक्षरात ‘ईच ५ एमएल कंटेन्स’ असं इंग्रजीत छापलेलं असतं. त्याखालच्या दोन-चार ओळी म्हणजे खरं औषध. चष्मा नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचा किंवा मेडिकलवाल्यांनाच वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

पॅरासिटामॉल दिसलं तर ते ताप आणि अंगदुखीसाठी. क्लोरफेनिरामाइन वाहतं नाक आणि शिंका कमी करतं, पण गुंगी आणतं. फिनाइलेफ्रिन नाक मोकळं व्हावं म्हणून घातलेलं असतं. पण तोंडावाटे घेतलं तर त्याचा उपयोग होत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीनं २०२३ मध्ये काढला. डेक्स्ट्रोमेथॉरफान कोरडी ढास दाबतं. अँब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन आणि ग्वायफेनेसिन कफ पातळ करण्यासाठी असतात. टर्ब्युटालिन, साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल ही दम्याच्या, घरघरीच्या माणसासाठी. साध्या खोकल्याला ती दिली तर हात थरथरतात, छाती धडधडते, फायदा काही होत नाही.

नावापुढची शेपटीही बघा. एकाच नावाची बाटली ‘डीएक्स’ची असली तर त्यात खोकला दाबणारं औषध असतं, ‘एलएस’ची असली तर श्वासनलिका मोकळी करणारं. खोकताना बेडका सुटतोय आणि तुम्ही ‘डीएक्स’ पाजताय, म्हणजे बाहेर पडू पाहणारा कफ आतच अडवताय. ‘फोर्ट’ किंवा ‘डीएस’ असेल तर बहुतेक वेळा मात्रा दुप्पट असते.

लेबलच्या डाव्या कडेला उभी लाल रेषा असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ती असते आणि तरी त्या सहज हातात पडतात. लाल रेषा दिसली तर “ह्याची चिठ्ठी लागते ना?” असं तुम्हीच विचारा. कोडीन असलेली बाटली घरच्या कपाटात ठेवूच नका. तिची सवय लागते.

पॅरासिटामॉलचा हिशोब

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, आणि सगळ्यात सहज टाळताही येतात. लेकराला एका वेळी दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्ये चार ते सहा तास. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. वयावरून अंदाज करू नका, आपल्याकडं दोन वर्षांचं एक लेकरू नऊ किलोचं असतं, दुसरं तेराचं. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, ते कार्डावर लिहिलेलं असतं. कार्ड नसेल तर आधी लेकराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करा.

आता दहा किलोचं लेकरू धरू. जास्तीत जास्त मात्रा १५० मिलिग्रॅम. बाटलीवर ‘५ मिलीत १२५ मिलिग्रॅम’ असेल तर ६ मिली. ‘५ मिलीत २५० मिलिग्रॅम’ असेल तर फक्त ३ मिली. आणि थेंबांची छोटी बाटली असेल तर तिच्यात बहुधा १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दीड मिली पुरे. लेकरू तेच, औषध तेच, पण मिली तीन वेगवेगळे. मागच्या वेळी १२५ वाली बाटली होती म्हणून ६ मिलीची सवय लागली आणि या वेळी मेडिकलवाल्यांकडं २५० वालीच होती, तर दुप्पट मात्रा गेली. थेंबांच्या बाटलीतून ६ मिली पाजलं तर चौपट. आठ किलोच्या लेकराला १२० मिलिग्रॅम लागतं. बाटली ‘५ मिलीत १२०’ची असेल तर ५ मिली, थेंबांची असेल तर १.२ मिली.

हा हिशोब दर वेळी नव्यानं करण्यापेक्षा बाटली घरी आणल्याबरोबर चिकटपट्टीवर पेनानं लिहा, ‘आरोही, १० किलो, ३ मिली, दिवसातून जास्तीत जास्त ४ वेळा’. पट्टी बाटलीला डकवा. वजन वाढलं किंवा बाटली बदलली की जुनी पट्टी फाडा. मात्रा कधी दिली ती वेळही शेजारी कागदावर टिपत जा. आईनं सहाला दिलं, आजीला ते ठाऊक नव्हतं म्हणून तिनं सातला दिलं, असं एकत्र घरात सर्रास होतं.

दुसरा सापळा म्हणजे दोन बाटल्यांत लपलेलं एकच औषध. सर्दीच्या मिश्र बाटलीत क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिनसोबत पॅरासिटामॉल बहुधा असतंच. त्यावर तापाची वेगळी बाटली सुरू केली की मात्रा नकळत दुप्पट होते. मोठ्यांचंही हेच होतं, सर्दीची गोळी, वर तापाची गोळी, रात्री पातळ औषध. निरोगी मोठ्या माणसासाठी चोवीस तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. रोज दारू पिणारा, यकृताचं दुखणं असलेला किंवा अंगानं फार बारीक माणूस असेल तर मर्यादा त्याहून खाली येते. त्यानं डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

चुकून जास्त गेलंच तर “खेळतंय की, काही झालं नाही” म्हणून बसू नका. पॅरासिटामॉलनं यकृताला होणारी इजा पहिल्या दिवशी दिसत नाही. त्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. बाटली सोबत घ्या आणि मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. छत्रपती संभाजीनगरला घाटी आहे, बीड-लातूरच्या बाजूला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आहे. गाडी नसेल तर १०८ ला फोन लावा.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर, तर घरी कुठलंच औषध न देता थेट दवाखाना गाठा. बारा वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे. कुणाच्या घरी जुनी बाटली उरली असेल तर ती टाकून द्या. अ‍ॅस्पिरिन तर मुलांना नकोच. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आगंमागं डेंग्यूचे पेशंट निघत असले तर आयबुप्रोफेनची बाटलीही बाजूला ठेवा, त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल.

मोजायचं कशानं

घरातला चमचा हे माप नव्हे. एका चमच्यात तीन मिली मावतं, दुसऱ्यात सात. बाटलीसोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या टोपीवर २.५, ५, १० अशा रेघा असतात. ती सपाट जागेवर ठेवा आणि डोळे रेघेच्या पातळीला आणून भरा. हातात धरून वरून बघितलं तर माप चुकतं. बाटलीचं फिरकीचं झाकण मात्र कधीच माप म्हणून वापरू नका.

पाच मिलीच्या आत द्यायचं असेल तर सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज घ्या. मेडिकलमध्ये थोड्या रुपयांत मिळते. सुई तिथंच परत द्या, पुढची बारीक टोपी फेकून द्या, लेकराच्या घशात अडकू शकते. औषध ओढा, टोक वर करून टिचकी मारा, बुडबुडा बाहेर काढा, मग रेघ वाचा. वापरून झाली की दट्ट्या काढून कोमट पाण्यानं धुवा आणि पालथी वाळवा.

पॅरासिटामॉलची बाटली बहुतेक सस्पेन्शन असते. उभी ठेवली की औषध तळाशी बसतं. न हलवता ओतलं तर सुरुवातीचे दिवस नुसतं गोड पाणी जातं, “गुणच येईना” असं वाटतं, आणि शेवटच्या चार मात्रा घट्ट आणि कडक जातात. म्हणून दर वेळी बाटली दहा-पंधरा वेळा उलटसुलट करा, तळाशी पांढरा थर उरला नाही ना ते उजेडात धरून बघा, मगच ओता.

लेकराला पायांवर उताणं घेऊन, नाक दाबून बोंडल्यानं औषध ओतायची रीत अजून कितीतरी घरांत आहे. बाळाला न्हाऊ घालताना पायांवर घेणं वेगळं, औषध पाजताना तसं घेऊ नका. रडताना तोंड उघडं असतं, श्वास आत ओढला जातो, आणि औषध थेट श्वासनलिकेत उतरतं. लेकराला मांडीवर बसवा, पाठ तुमच्या छातीला टेकवा, सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि एकेक मिली सोडा. गिळलं की पुढचं. जिभेच्या मधोमध सोडलं की ओकारी येते. औषध दुधाच्या पूर्ण ग्लासात मिसळू नका. अर्धा ग्लास राहिला तर किती औषध पोटात गेलं हे कळणार नाही.

उलटी झाली तर? पॅरासिटामॉल देऊन अर्धा तास व्हायच्या आत सगळं बाहेर पडलं असेल तर तीच मात्रा एकदा पुन्हा देता येते. त्यानंतर झाली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा. सर्दी-खोकल्याचं मिश्र औषध मात्र उलटी झाली म्हणून पुन्हा देऊ नका.

पाच वर्षांखालच्या लेकराला खोकल्याचं औषध का नको

क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं लेबलवर छापा, असे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना दिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं कळवलं, की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं लिहूनच देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे नकोतच.

त्या सूचनेमागं मध्य प्रदेशातलं छिंदवाडा होतं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथं वीसहून अधिक लेकरं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली, त्यातल्या अनेकांवर नागपूरला उपचार चालले होते. त्यांना दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या बाटलीत तमिळनाडूच्या सरकारी तपासणीत ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल निघालं. औषध विरघळवायला शुद्ध ग्लिसरीन किंवा प्रॉपिलिन ग्लायकॉल लागतं. त्याच्या जागी हे औद्योगिक रसायन आलं की बाटलीचं विष होतं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये याच रसायनाची भेसळ झालेल्या ग्लिसरीननं १४ पेशंट गेले होते. ते रंगहीन आणि चवीला गोडसर असतं, त्यामुळं बाटली हुंगून किंवा चाखून काहीच कळत नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत. गरज नसलेली बाटली आणायचीच नाही, आणि आणली तर पक्कं बिल घ्यायचं, ज्यावर बॅच नंबर असतो. एखाद्या बॅचबद्दल इशारा निघाला तर तो नंबरच कामाला येतो. औषध सुरू केल्यावर लेकराला उलट्या लागल्या, पोट दुखायला लागलं आणि सहा-आठ तास लघवीच झाली नाही, तर औषध बंद करा आणि बाटली घेऊन रुग्णालयात जा. औषधाबद्दल तक्रार असेल तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री नंबर १८००२२२३६५ आहे.

मग लेकरासाठी करायचं काय? नाक चोंदलं असेल तर साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब. दूध पाजायच्या किंवा झोपायच्या आधी दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब टाका, मिनिटभर थांबून मऊ कापडानं पुसा. विकत घेताना लेबलवर फक्त सोडियम क्लोराइड आहे ना ते बघा. नाक झटक्यात मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब अगदी तसल्याच छोट्या बाटलीत येतात. ते डॉक्टरांना न विचारता लहान लेकराला देऊ नका. मोठ्यांनीही ते तीन ते पाच दिवसांच्या वर वापरले तर औषध सोडल्यावर नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं.

वर्ष पूर्ण झालेल्या लेकराला रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा मध चाटवा, ढास कमी होते. वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नको, त्यातून होणारी विषबाधा लहान बाळाच्या जिवावर बेतते. अंगावरचं दूध चालूच ठेवा, वरचं खाणाऱ्याला कोमट पाणी, वरणाचं पाणी, पेज थोडी थोडी देत राहा. कापूर मात्र लांब ठेवा. पोटात गेला तर लहान लेकराला झटके येतात, आणि नाकात कापूर घातलेलं तेल सोडणं तितकंच वाईट. शेगडीवर ओवा-वावडिंग टाकून दिलेली धुरी म्हणजे आधीच सुजलेल्या नळ्यांत धूर. आणि थंडी पळावी म्हणून झाकणभर ब्रँडी कधीच नाही, तिच्यानं लेकराची साखर एकदम खाली जाते.

मोठ्या माणसांनी घेताना

बीपी असलेल्यांनी फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेली बाटली टाळावी. शुगर असेल तर ‘शुगर फ्री’ असं छापलेली मागा, कारण साध्या सिरपचा मोठा भाग साखरच असतो. आजोबांना लघवी अडखळत होत असेल किंवा डोळ्यांत काचबिंदू असेल तर क्लोरफेनिरामाइन देऊ नका. लघवी पूर्ण अडून रातोरात दवाखान्यात न्यावं लागतं. मनाच्या आजारावर गोळ्या चालू असणाऱ्यांनी डेक्स्ट्रोमेथॉरफान घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर बाईनं मिश्र बाटली स्वतःहून घेऊ नये.

गुंगीचं औषध पिऊन ट्रॅक्टर चालवू नका, मळणी यंत्रासमोर उभं राहू नका. सोयाबीनच्या सुगीत रात्रभर मळणी चालते, आणि यंत्राच्या तोंडाशी पेंढ्या लोटणाऱ्याला एका क्षणाची डुलकीही परवडत नाही. मिश्र औषध घ्यायचंच असेल तर कामावरून आल्यावर रात्री घ्या. सोबत दारू नको.

कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाचं नाक गळत असेल, डोळ्यांतून पाणी येत असेल, तोंडाला लाळ सुटली असेल, घाम फुटून छातीत घरघर होत असेल, तर ते पडसं समजू नका. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा अशीच दिसते. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक झाली असेल तर शंकाच नको. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, आणि फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन तडक रुग्णालयात जा. सर्दीच्या औषधात वेळ घालवू नका. आणि फवारणीच्या बाटल्या ज्या कोनाड्यात असतात, त्यात पिण्याचं औषध ठेवू नका. शेतावरच्या खोलीत रात्री अंधारात हात चुकतो.

बाटली ठेवायची कुठं

बहुतेक लेबलांवर ३० अंशांच्या खाली ठेवा, असं असतं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिसाच्या पुढं जातो, आणि पत्र्याच्या खोलीत वरच्या फळीवर त्याहून जास्त. गाडीच्या डिक्कीत तर ठेवूच नका. माठाशेजारचा थंड, कोरडा कोपरा बरा, पण लेकराच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर. फ्रिज असला तरी लेबलवर लिहिलं नसेल तर त्यात ठेवायची गरज नाही. उघडल्याची तारीख बाटलीवर घाला. दुखणं संपलं की उरलेलं औषध पुढच्या हिवाळ्यासाठी जपू नका. रंग बदलला, गाठी झाल्या किंवा हलवूनही थर सुटेना, तर मुदत असली तरी टाका.

दसरा-दिवाळीनंतर बीड-धाराशिवकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण वेगळी. कोपीत थंडी आणि चुलीचा धूर, फडापासून दवाखाना लांब, आणि एकाच बाटलीवर पाच-सहा लेकरांचं भागवलं जातं. निघण्यापूर्वी आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून पॅरासिटामॉलची बाटली, ओआरएस आणि सल्ला घेऊन ठेवा. सोबत थर्मामीटर, सिरिंज आणि एका कागदावर प्रत्येक लेकराचं नाव, वजन आणि त्या बाटलीतले मिली. ज्याला वाचता येत नाही त्यानं सिरिंजवर पक्क्या पेननं रेघ मारून घ्यावी, पण एका लेकरासाठी एकच सिरिंज.

बाटली बाजूला ठेवून निघायचं कधी

लेकरू शांत किंवा झोपलेलं असताना सदरा वर करा आणि पोट-छाती किती वेळा वर येते ते पूर्ण मिनिटभर मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, तर तो साधा खोकला नाही, न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर वाटत असतील, लेकरू अंगावर पीत नसेल, सुस्त पडलं असेल किंवा झटका आला असेल, तर मोजत बसू नका, तसंच निघा.

मोठ्यांना धाप लागली, छातीत दुखलं, किंवा ताप उतरून पुन्हा जोरात चढला तर थांबू नका. स्वाइन फ्लूची साथ असेल तर गरोदर बाई, म्हातारी माणसं, दमा-शुगरचे पेशंट यांनी पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांकडं जावं, कारण त्यावरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त लागू पडतं. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर तिसरी बाटली घेण्याआधी सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या. क्षयाची ही तपासणी तिथं मोफत होते.